मृदंगाचा डावा आणि माझा व्हॉल्व्हचा डबा

मामीचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये, मुलांची जर्नल्स तपासत बसले होते. नांदेडची मामी मला सहसा फोन करत नाही. काही असेल तर आईला करते आणि आई मला सांगते. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसताच मी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"कामात हायेस का माय?"

"नाही मामी, बोला."

"तुझा मामा टेपा देऊन टाकून राहिला."

"कुठल्या टेपा?"

"कुठल्या म्हणजे? समद्याच. रविवारी सकाळी टेम्पो येणार हाय. मी म्हणलं, एवढ्या वर्षांच्या हायेत, कामून देता? तर म्हणतो, कान गेले माझे. बहिऱ्यानं टेपा ठिवून काय करायचं, लोणचं घालायचं का?"

महिन्याभरापूर्वी गल्लीत कान तपासणीचं शिबिर झालं होतं. तिथे मामांना एक कागद मिळाला होता आणि वयोमानाने ऐकणं कमी झालंय असं सांगितलं होतं. मामीचा त्यावर विश्वास नव्हता. "मी शेजारणीपाशी हळू बोललेलं बाहेरच्या खोलीत बसून ऐकतो की हा माणूस. बहिरा कशाचा!"

"मग काय ऐकू येत नाही म्हणतात?"

"मृदंगाचा डावा. टाळ येतो, पेटी येती, गाणं येतं, डावाच येत न्हाई म्हणतो. दोन महिने झाले, वहीत एक नाव चढलं न्हाई बघ."

मी लाल पेन जर्नलवर ठेवला. त्याची शाई कुणाच्या तरी आकृतीवर उतरत गेली आणि मी ती बघत राहिले. दोन महिन्यांपूर्वी मी स्वतः नांदेडला गेले होते. मामांच्या कपाटावर माझ्या हाताने बनवलेला व्हॉल्व्हचा प्रीअँप ठेवून आले होते. मृदंगाचा डावा का गेला हे मला त्याच क्षणी कळलं. खरं सांगायचं तर ते मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं.

मामा एसटीत कंडक्टर होते. कंधार, बिलोली, देगलूर या बाजूच्या मुक्कामी गाड्यांवर त्यांनी सगळी नोकरी काढली. मुक्कामी गाडी संध्याकाळी शेवटच्या गावात पोचते आणि सकाळी तिथूनच निघते. ड्रायव्हर जेवून गाडीत झोपायचा. मामा मात्र टेपरेकॉर्डर काखेत मारून गावातल्या मंदिरात जायचे. तिथे भजन चालू असलं की खांबाशी बसून रेकॉर्ड करायचे. अशा चार ट्रंका भरून कॅसेट त्यांच्याकडे आहेत. कॅसेटवर गावाचं नाव असतं, कधी तेही नसतं. गाणारे, वाजवणारे कोण, हे तेव्हा लिहून ठेवावंसं त्यांना वाटलं नाही, कारण तेव्हा ते सगळ्यांनाच माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जाड वही केली. रोज दुपारी एक कॅसेट लावायची आणि कोण मृदंग वाजवतंय ते ओळखून लिहायचं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणिक लावतात. कोणी ती ओली लावतो, कोणी घट्ट, कोणी थोडी, कोणी चांगली थापून. त्यावर हाताची ठेवण प्रत्येकाची वेगळी. मामांना त्या डाव्यावरून माणूस ओळखू यायचा. खेड्यांतून लोक यायचे, दारात चपला काढून संकोचत विचारायचे, "आमच्या बापाचं वाजवणं हाय का हो तुमच्यापाशी?" मामा वही उघडायचे. घरात फोटो असतो, आवाज कुणाकडेच नसतो. ते वाजवणारे आता बहुतेक गेले आहेत आणि त्यांना ओळखणारा मामांशिवाय दुसरा कोणी उरलेला नाही. त्या कॅसेट वहीत न चढता टेम्पोत गेल्या असत्या, तर त्यातली माणसं कायमची बेनाव झाली असती.

आणि हे माझ्यामुळे.

मामांचा पॉवर अँप देगलूरच्या एका मंडपवाल्याकडून घेतलेला. लग्नाकार्यात कर्णे वाजवणारा, दोन माणसांनी उचलावा असा. त्याच्या आधी जोडलेला जुना मिक्सर खरखर करायला लागला होता. मला नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं की मामांना प्रीअँप करून द्यायचा आणि तोही व्हॉल्व्हचा. कॅसेटमधून येणारा बारीक आवाज मोठा, स्वच्छ करून पॉवर अँपकडे सोडायचा, एवढंच प्रीअँपचं काम. पण जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह तापून नारिंगी होताना बघत बसायला मला आवडायचं. तीन महिने रोज कॉलेजनंतर मी तो बांधत होते. लातूरच्या माझ्या खोलीत, माझ्या पॉवर अँपला जोडून तो इतका सुंदर वाजला की मी एकटीच हसले.

त्या तीन महिन्यांत मी मामांना एक प्रश्न विचारायला हवा होता. तुमच्या पॉवर अँपच्या मागे काय लिहिलंय? प्रीअँपच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर एक कपॅसिटर असतो. व्हॉल्व्हला लागणारं मोठं व्होल्टेज पुढे जाऊ नये, फक्त आवाज जावा, यासाठी तो असतो. तो केवढा हवा हे पुढचा पॉवर अँप किती ओढतो त्यावर ठरतं. माझा अगदी थोडं ओढतो, त्याला लहान कपॅसिटर पुरला. मंडपातला दहापट ओढतो. अशा वेळी लहान कपॅसिटर वरचे आवाज जाऊ देतो आणि खालचे, जाड आवाज अडवून धरतो. गळा येतो, पेटी येते, टाळ येतात. डावा राहून जातो.

हे मी वर्गात फळ्यावर शिकवते. पण फोन करून मामांना विचारायचं म्हणजे मराठीत विचारायचं. 'इनपुट इम्पीडन्स' कसं विचारतात? मावसभावंडं लहानपणापासून मला कॉन्व्हेंटवाली म्हणत आली आहेत. माझं बोलणं ऐकून कोणी हसणार नाही याची खात्री असल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. मी विचारलंच नाही. असेल माझ्यासारखाच, असं धरून चालले.

डबा घेऊन नांदेडला गेले तेव्हा मामा आधी घ्यायलाच तयार नव्हते. आमच्याकडे मामानं भाचीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. "भाचीच्या कमाईचं घेऊन मी कुठं फेडू?" म्हणाले. मामीने मध्ये पडून, डब्यासमोर नारळ फोडून, मला साडी नेसवून हिशोब बरोबर केला. मग मी वायरी जोडल्या. कॅसेट लावली. पहिल्या दहा सेकंदांत मला ऐकू आलं की मृदंग पत्र्याच्या डब्यासारखा वाजतोय. मामांच्या कपाळावर एक आठी आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आठी पुसली आणि म्हणाले, "झकास! एक नंबर!"

मी म्हटलं, "खोलीमुळे थोडं वेगळं वाटत असेल."

"न्हाई न्हाई, लई गोड."

आणि मी संध्याकाळच्या बसने परत आले. पुढे दोन महिने रोज स्वतःला सांगत राहिले की खोलीचाच प्रश्न असेल.

मामीचा फोन ठेवल्यावर मी तिला मेसेज करून तो शिबिरातला कागद मागवला. तिने फोटो पाठवला, अंगठ्यासकट. त्यावर आलेख होता. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. मामांची रेघ डावीकडे चांगली सरळ होती आणि उजवीकडे जाऊन खाली उतरत होती. म्हणजे कान थोडे कमी झाले होते हे खरं, पण ते बारीक आवाजांना. डावा त्यांना ऐकू यायला हवा होता. तरी मी तो फोटो दहा वेळा मोठा करून पाहिला. मी डॉक्टर नव्हते. मी जाऊन सांगितलं असतं, चूक यंत्राची आहे, आणि मग यंत्र नीट करूनही मामांना डावा आला नसता तर? आत्ता निदान वयाने नेलं म्हणून ते शांत होते.

शनिवारी सकाळी मी नांदेडची बस धरली. पिशवीत मोठे कपॅसिटर, सोल्डरिंगचं सामान, मीटर. अहमदपूर येईपर्यंत मी एक वाक्य तयार करत होते. लोह्यापर्यंत ते वाक्य तीनदा बदललं. शेवटी एक सोपा मार्ग सुचला. काही बोलायचंच नाही. 'सर्व्हिसिंग करते' म्हणून डबा उघडायचा, गुपचूप कपॅसिटर बदलायचा. डावा परत आला की मामांना वाटेल कान आज बरे आहेत. कुणालाच काही कळणार नाही. हे सुचलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी बसमध्ये शेंगदाणे घेऊन खाल्ले.

घरी पोचले तर बाहेरच्या खोलीत ट्रंका उघड्या आणि कॅसेट खोक्यांत भरलेल्या. मामा सुतळी बांधत होते.

"या इंजिनेर! आज कशी वाट चुकली?"

"सहज आले."

"सहज कोण येतं एवढ्या उन्हात? मामीनं चाडी केली वाटतं." स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. "बघ, केली."

कॅसेट कोणाला देताय, असं विचारलं. पुण्याकडचा एक माणूस होता, जुनी भजनं संगणकावर चढवणारा. "चांगल्या निघतील तेवढ्या ठिवतो म्हणला."

"आणि बाकीच्या?"

मामा सुतळीला गाठ मारत राहिले. "बाकीच्याचं तो बघंल. आपल्याला काय करायचं?"

मी पिशवी जवळ ओढली. "मामा, आलेच आहे तर प्रीअँपची सर्व्हिसिंग करून देते."

"कामून?"

"म्हणजे... करायची असते अधूनमधून."

"दोन महिन्यांत? अगं एसटीचं इंजिन एवढ्यात उघडत न्हाईत. चांगलं हाय ते. लई गोड वाजून राहिलं. हात लावू नको."

"फक्त दहा मिनिटं."

"न्हाई." ते डब्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले. "तुझ्या हातची चीज हाय. तिच्यात खोट न्हाई. खोट हितं हाय," आणि त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं.

आता चोरून करायचं काही उरलं नव्हतं. डबा उघडायचा तर तो बिघडलेला आहे असं म्हणावं लागणार होतं, मोठ्याने, माझ्या तोंडाने. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलले.

"मामा, कान नाही गेलेत तुमचे. माझं चुकलंय. हा प्रीअँप तुमच्या पॉवर अँपला जुळत नाही. डाव्याचा आवाज त्यातून पुढे जातच नाही."

मी पुढेही काहीतरी बोलले, अर्धं इंग्रजीत. थांबले तेव्हा मामा हसत होते, आणि ते हसू मला आवडलं नाही. आजारी माणसाला बघायला आलेल्यांकडे बघून आजारी माणूस हसतो, तसं ते होतं.

"मामीनं पढवून बोलावलं का तुला?"

"नाही मामा, खरंच."

"अगं, म्हाताऱ्याला समजवायचं असतं मला कळतं. माझ्या बापाला दिसेना तर आम्ही म्हणायचो, अण्णा, बल्बच बारीक हाय. चार वर्षं बल्बच बारीक होता त्याचा." ते पुन्हा खाली बसले आणि दुसरं खोकं पुढे ओढलं. "तू लई गुणाची हायेस. पण मला फसवू नको."

आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता खरं सांगितलं होतं आणि ते दया म्हणून परत आलं होतं. मला राग आला. रागामुळे आवाज सुटला.

"मग सिद्ध करून दाखवते. प्रीअँप काढून ठेवते. कॅसेट डेक सरळ पॉवर अँपला जोडते. तरीही डावा आला नाही तर बांधा खोकी."

मामा थांबले. मामी दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. "बघू द्या की तिला. तुमचं काय जाऊन राहिलं?"

"आणि न्हाई आला तर?" मामांनी विचारलं. ते मला नाही, स्वतःलाच विचारत होते.

पॉवर अँपवर आवाजाची दोन बटणं होती, दोन्ही पूर्ण उघडलेली, कारण आवाज प्रीअँपवरून कमी-जास्त व्हायचा. तशीच जोडणी केली असती तर स्पीकरचे कागद फाटले असते. मी दोन्ही बटणं शून्यावर आणली. वायरी बदलल्या. पॉवर अँप सुरू करायला हात पुढे केला आणि लाईट गेली.

"गेली," मामी म्हणाली. "शनिवार हाय. तासभर येत न्हाई आता."

लाईट झटक्याने आली तर स्पीकर जाईल, म्हणून मी सगळे स्विच बंद करायला लागले. मामीच्या घरी पंख्याचं नि टेपचं बटण चालूच ठेवतात, लाईट आली की कळावं म्हणून. त्या दिवशी मी एकही बटण चालू ठेवलं नाही.

तो तास फार वाईट गेला. खोलीत वारा नव्हता. मामा खोक्याला टेकून बसले होते आणि पुठ्ठ्याने वारा घेत होते. मामीने चहा दिला. मला मध्येच वाटलं की लाईट येऊच नये. मामांच्या मनातही तेच असावं, कारण एकदा ते म्हणाले, "जाऊ दे ना बाई. खामोखा कशाला?" मी नाही म्हणून मान हलवली.

लाईट आली तशी मी आधी डेक सुरू केला. एक मिनिट थांबले. मग पॉवर अँप.

"कुठली लावू?"

मामांनी खोक्यात हात घालून न बघता एक कॅसेट काढली. फिरवून बघितली. "बिलोलीकडची दिसून राहिली. नाव न्हाई."

मी दोन्ही बटणं अगदी हळू उघडत गेले. आधी नुसती फस्स. मग लांबून पेटी. मग टाळ. मी मामांकडे बघत नव्हते, बटणांकडे बघत होते. बोटं घामाने सरकत होती. गाणाऱ्याने ओळ उचलली, टाळ दुप्पट झाले आणि त्यांच्याखाली, जमिनीतून यावा तसा, मृदंगाचा डावा आला. कपाटाच्या काचा हलक्या थरथरल्या.

मामा वारा घ्यायचे थांबले. पुठ्ठा हातात तसाच. मला वाटलं, संपलं, त्यांना आलेला नाही. मी ऐकतेय आणि त्यांना आलेला नाही.

मग त्यांनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवर पालथा पडला आणि डावा खोक्यावर, हलकेच, मृदंगाच्या बरोबर एक क्षण आधी पडायला लागला.

"ओली कणिक," ते म्हणाले. "लई ओली. हा वाजवताना पुसत बसायचा धोतराला. बायको शिव्या घालायची." ते मामीकडे वळले. "अगं तो! नदीकाठचा! एका डोळ्यानं अधू. हात बघ त्याचा, हात बघ कसा जड पडून राहिला."

मामीने पदर तोंडाला लावला.

"आता परत तो डबा लाव," मामा म्हणाले.

"कशाला?"

"लाव म्हणतो ना."

मी सगळं बंद केलं, आधी पॉवर अँप, मग डेक. वायरी पुन्हा बदलल्या. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबले. तीच कॅसेट, तीच जागा. नदीकाठचा माणूस निघून गेला होता. मागे पत्र्यावर बोटं आपटल्यासारखं काहीतरी उरलं होतं.

मामांनी हाताने खूण केली, बंद. मी बंद केलं.

"तुला कधी कळलं?"

मला परवा, मामीच्या फोननंतर, असं म्हणता आलं असतं. "त्याच दिवशी. लावलं तेव्हाच."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही झकास म्हणालात."

"मी मामा हाय!" त्यांचा आवाज इतका चढला की मामी पुढे झाली. "मी काय म्हणणार? भाचीनं पहिल्या कमाईतून आणलं, त्याला खोट काढू? माझी जबान झडून पडंल! तू बोलायला पाहिजे होतं. तू शिकलेली हायेस त्यातलं. दोन महिने मी रोज हितं बसून... रोज लावतो, रोज येत न्हाई. आमची माणसं मला सोडून चालली असं वाटायचं मला. कळतं का तुला?"

मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी लगेच माफ केलं असतं, आणि तसं मला नको होतं.

"अहो पण तुमी बी तर तोंड शिवून बसले," मामी म्हणाली. "दोघं बी सारखेच. खोट सांगायला काय मुहूर्त लागतो का?"

मामांनी खोक्याकडे बघत विचारलं, "मंग त्या शिबिरातल्या कागदाचं काय? तो बी खोटा?"

"तो खरा आहे. बारीक आवाज तुम्हाला कमी येतात. टाळांची किणकिण, असले. जाड आवाज पूर्ण येतात." हेही दडवावं असं एकदा वाटून गेलं होतं.

त्यांनी थोडा विचार केला. "टाळावरून माणूस कोण ओळखतं?" म्हणाले आणि सुतळीची गाठ सोडायला लागले. ती सुटेना तेव्हा मामीने विळी आणून कापली.

पण पुण्याच्या माणसाला शब्द दिलेला होता. मामांनी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि फोन माझ्यासमोर धरला.

"तू बोल."

"मी?"

"मी जबान दिली होती. ती तुझ्यापायी फिरवून राहिलो. मंग कोण बोलंल?"

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे मी आधी कागदावर लिहून काढते. तेव्हा कागद नव्हता आणि रिंग वाजायला लागली होती. पलीकडून एक घाईतला आवाज आला. मी सांगितलं की कॅसेट देता येणार नाहीत, उद्या टेम्पो पाठवू नका.

"मी कोणाशी बोलतोय?"

"मी त्यांची भाची."

"अहो, त्यांना ऐकू येत नाही म्हणून तेच देत होते. आता काय, दोन दिवसांत यायला लागलं?"

"आधीपासून येत होतं. मी त्यांना एक यंत्र करून दिलं होतं, ते त्यांच्या अँपला जुळत नव्हतं. चूक माझी आहे. त्यांची काही नाही."

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"टेम्पो ठरवून बसलोय मी."

"हो. तो रद्द करावा लागेल."

"लागेल म्हणजे? तुमच्या मामांनी स्वतः दोनदा फोन केलाय मला. पुन्हा मन बदललं तर मला विचारू नका म्हणावं." फोन कट झाला.

"काय म्हणला?"

"रागावले."

"रागावणारच. येणार न्हाई ना?"

"नाही."

मामांनी एवढंच ऐकलं आणि खोक्यातल्या कॅसेट ट्रंकेत लावायला बसले. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "तू तुझं काम कर." दुपारभर माझ्याशी दुसरं काही बोलले नाहीत.

मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून डबा उघडला. व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये प्लग काढल्यावरही व्होल्टेज बराच वेळ राहतं. ते उतरेपर्यंत मीटर धरून बसले. जुने कपॅसिटर काढले, पिशवीतले मोठे बसवले. एक पाय नीट बसला नाही म्हणून पुन्हा केला. मामा येता-जाता वाकून बघत होते.

दिवेलागणीला सगळं जोडून झालं. नदीकाठच्या माणसाची कॅसेट मी मागितली नाही, मामांनीच आणून दिली. यावेळी डावा माझ्या डब्यातून आला, दुपारपेक्षाही भरदार. मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "आला की!" मी मान वर केली. मामा डोळे मिटून बसले होते. गाणं संपलं. दुसऱ्या भजनाच्या आधी त्या मंदिरातली शांतता होती, कुणी खोकलं, कुणी टाळ खाली ठेवले.

मामांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली होती आणि यावेळी त्यांनी ती पुसली नाही.

"खाली काहीतरी गुणगुणून राहिलंय."

"कुठे?"

"सारखं. बारीकसं गुंऽऽ करून राहिलंय. भजन थांबलं की येतं."

मला काही ऐकू येत नव्हतं. मी कॅसेट थांबवली. तरीही नाही. मग उठून स्पीकरच्या जाळीला कान लावला. होतं. विजेच्या तारेचा जाड, अगदी मंद गुणगुणाट. लहान कपॅसिटर डाव्याबरोबर तोही अडवत होता. आता वाट मोकळी झाल्यावर दोन्ही येत होते. मला जाळीला कान लावून आला, मामांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून आला होता.

"हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग काढ तो. असला मला चालत न्हाई. खोट हाय तुझ्या डब्यात."

"अहो, लेकरू सकाळधरनं उपाशी हाय," मामी दारातून म्हणाली. "जेवू तर द्या."

"आधी ते गुं बंद कर म्हणावं."

मी पॉवर अँप बंद केला, मग डबा. प्लग काढला, मीटरचा काटा खाली येईपर्यंत थांबले आणि पुन्हा चारी स्क्रू काढायला घेतले. मामा वही आणि चष्मा घेऊन माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसले.